मडगाव-मेरशीच्या सत्र न्यायालयांतून द हेगला: फौजदारी वकिलांसाठी तात्पुरत्या नेमणुकीचे मार्गदर्शन

गोव्यात फौजदारी वकिली करणारे तरुण वकील अधूनमधून एक प्रश्न विचारायला येतात. द हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात काही महिने काम करायला मिळते का, आणि मिळत असेल तर त्यासाठी काय करावे लागते? मिळते, हे पहिले उत्तर. दुसऱ्या उत्तरासाठी हा लेख आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेकांची समजूत अशी असते की या वाटेने जायचे तर परदेशी विद्यापीठाची पदवी हवी आणि मडगावच्या किंवा मेरशीच्या सत्र न्यायालयात काढलेल्या पाच-सहा वर्षांना तिथे काही किंमत नाही. माझे मत याच्या उलट आहे. ज्याने साक्षीदाराची उलटतपासणी जवळून पाहिली आहे, मुद्देमालावरचे सील आणि पंचनाम्यातले वर्णन ताडून पाहिले आहे आणि दोन जबाबांतली विसंगती शोधण्यासाठी रात्र जागवली आहे, अशा वकिलाजवळ या कामाचे मुख्य भांडवल असतेच. उणीव दोन ठिकाणी राहते. एक म्हणजे ते भांडवल तिथल्या लोकांना कळेल अशा शब्दांत मांडले जात नाही, आणि दुसरे म्हणजे मागे राहणाऱ्या वकिलीची व्यवस्था न लावताच माणूस निघतो.

कोणत्या संस्था आणि कोणत्या जागा

रोम संविधी १७ जुलै १९९८ रोजी स्वीकारली गेली आणि १ जुलै २००२ पासून अमलात आली. तिच्यामुळे स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, म्हणजे आयसीसी, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा या चार प्रकारच्या गुन्ह्यांसाठी व्यक्तींवर खटले चालवते. द हेगमध्येच असलेले आंतरराष्ट्रीय न्यायालय, म्हणजे आयसीजे, ही वेगळी संस्था असून ती राष्ट्राराष्ट्रांमधले वाद ऐकते. अर्जात या दोहोंची सरमिसळ झाल्याचे मी पाहिले आहे, आणि अशी चूक दिसल्यावर वाचणारा पुढचे पान उलटत नाही.

आयसीसीमध्ये अल्पमुदतीच्या दोन प्रकारच्या जागा असतात. इंटर्नशिप ही शिक्षण नुकतेच पूर्ण केलेल्यांसाठी किंवा शेवटच्या टप्प्यात असलेल्यांसाठी असते, तर व्हिजिटिंग प्रोफेशनल ही जागा काही वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या व्यक्तीसाठी असते. मुदत साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत असते. ज्याच्या सनदेला तीन-चार वर्षे होऊन गेली आहेत त्याने दुसऱ्या प्रकाराचा विचार करावा, कारण इंटर्न म्हणून गेल्यास आपल्या अनुभवाचा उपयोग करून घेतला जाण्याची शक्यता कमी होते.

अर्ज न्यायालयाकडे एकत्रित जात नाही, तो विशिष्ट विभागातल्या जागेसाठी करावा लागतो, म्हणून विभागांची ओळख आवश्यक आहे. न्यायाधीशांच्या चेंबर्समध्ये काम मिळाले तर निर्णयांसाठी संशोधन आणि मसुदे यांवर भर असतो. अभियोक्त्याच्या कार्यालयात पुराव्याची छाननी आणि विश्लेषण करावे लागते. रजिस्ट्रीत, म्हणजे न्यायालयाच्या प्रशासकीय शाखेत, साक्षीदारांचे संरक्षण, पीडितांचा सहभाग, बचाव पक्षाला मदत, भाषांतर असे अनेक विभाग आहेत. याशिवाय बचावासाठी आणि पीडितांसाठी स्वतंत्रपणे काम करणारी दोन सार्वजनिक वकील-कार्यालये आहेत. आपल्याकडच्या बचाव पक्षाच्या वकिलाने यांतल्या पहिल्या कार्यालयाकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी आवर्जून सांगतो. तिथले मनुष्यबळ थोडे आणि काम दांडगे असल्यामुळे आलेल्या माणसाच्या हाती खऱ्या कामाचा मसुदा लवकर येतो.

आयसीसीखेरीज इतर दारेही आहेत. युगोस्लाव्हिया आणि रवांडा यांच्यासाठीची न्यायाधिकरणे बंद झाल्यावर त्यांचे उरलेले काम द हेग आणि अरुषा येथे शाखा असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या एका यंत्रणेकडे आले, परंतु त्या यंत्रणेचे काम आता उतरणीला लागले असल्याने जागा कमी निघतात. सीरियासाठी २०१६ मध्ये आणि म्यानमारसाठी २०१८ मध्ये स्थापन झालेल्या दोन स्वतंत्र यंत्रणा जिनिव्हात आहेत. त्या खटला चालवत नाहीत, तर पुरावा गोळा करून जपतात आणि ज्या न्यायालयाला अधिकार असेल त्याच्यासाठी फाइल सिद्ध करतात. ज्याला तपास आणि पुरावा यांत रस आहे त्याच्यासाठी ही जागा न्यायालयाइतकीच मोलाची आहे. द हेगमधल्या कोसोव्हो विशेष चेंबर्समधल्या जागा मुख्यतः युरोपीय संघाच्या आणि त्याला साहाय्य करणाऱ्या देशांच्या नागरिकांसाठी असतात.

भारत सदस्य नाही, याचा नेमका परिणाम

१९९८ मध्ये रोम येथे मतदान झाले तेव्हा भारत तटस्थ राहिला. सुरक्षा परिषदेला दिलेले अधिकार भारताला मान्य नव्हते, तसेच दहशतवाद आणि अण्वस्त्रांचा वापर संविधीत गुन्हे म्हणून आले नाहीत याबद्दलही भारताने आक्षेप नोंदवला होता. आजही भारत सदस्य नाही. म्हणून भारतीय वकिलाचा अर्ज फेटाळला जातो, असे मात्र नाही. सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य मिळते आणि इतरांचाही विचार होतो. खरा फटका दोन ठिकाणी बसतो. विकसनशील सदस्य देशांतून येणाऱ्यांना खर्चासाठी जो निधी दिला जातो तो आपल्याला लागू होत नाही, आणि सरकारने आपला अधिकारी ठरावीक काळासाठी तिथे पाठवण्याची सोयही सदस्य देशांच्या दृष्टीने आखलेली असते.

मुलाखतीत याविषयी प्रश्न आला तर सरकारच्या भूमिकेचे समर्थन किंवा निषेध करत बसू नये. भूमिका काय होती ते अचूक सांगावे आणि त्याचा कायदेशीर परिणाम दाखवावा. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारातल्या सज्जन कुमार खटल्याच्या निकालात, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार यांना आपल्या देशी फौजदारी कायद्यात स्थान नाही आणि ही पळवाट तातडीने बुजवली पाहिजे, असे म्हटले होते. भारताने वंशसंहारविषयक करार १९५९ मध्येच मंजूर केला होता, तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे दोन्ही गुन्हे स्वतंत्रपणे आलेले नाहीत. एवढे जो नेमकेपणाने सांगू शकतो, त्याने विषय आपल्या मातीतून समजून घेतला आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येते.

आपल्या शेजारचे संदर्भही माहीत असावेत. बांगलादेश सदस्य आहे, म्यानमार नाही. तरीही म्यानमारमधून रोहिंग्यांच्या हद्दपारीच्या गुन्ह्याचा एक भाग सीमा ओलांडल्यावर बांगलादेशच्या भूमीवर पूर्ण होतो, म्हणून न्यायालयाला अधिकार पोहोचतो, असा निर्णय ६ सप्टेंबर २०१८ रोजी झाला. प्रादेशिक अधिकारक्षेत्राचा हा युक्तिवाद आपल्या कोणत्याही सत्र न्यायालयातल्या वकिलाला सहज उमगेल असा आहे, आणि अभ्यासाची सुरुवात करायला यापेक्षा चांगला निर्णय मला सुचत नाही.

पोर्तुगीज नागरिकत्वाचा मोह

गोव्यात हा विषय टाळता येत नाही. आजोबांच्या किंवा वडिलांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली माणसे जवळपास प्रत्येक गावात आहेत, आणि पोर्तुगाल हा आयसीसीचा सदस्य तसेच युरोपीय संघाचा घटक असल्याने व्हिसा, प्राधान्य आणि कोसोव्हो चेंबर्ससारख्या जागा हे सगळे एकदम सोपे होते, असा हिशेब तरुण वकील मांडतात. हिशेब चुकीचा नाही, पण त्याची दुसरी बाजू वकिलाच्या बाबतीत फार जड आहे. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, आणि अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार अधिवक्ता म्हणून नोंद होण्यासाठी मुळात भारतीय नागरिकत्व लागते. परदेशी नागरिकाची वाट त्याच्या देशात भारतीयांना तशीच वकिली करू दिली जाते का, यावर अवलंबून असते. सहा महिन्यांच्या नेमणुकीसाठी आयुष्यभराची सनद पणाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने आधीच असे नागरिकत्व घेतलेले आहे, किंवा घरातल्यांनी ज्याच्या जन्माची नोंद लिस्बनला केलेली आहे, त्याने अर्जात नागरिकत्वाच्या रकान्यात काही लिहिण्यापूर्वी या विषयातल्या जाणकार वकिलाचा लेखी सल्ला घ्यावा.

आपला अनुभव कसा मांडावा

मागे एका ज्युनियरने आपला बायोडाटा मला दाखवला होता. सत्र न्यायालयापुढील अनेक फौजदारी प्रकरणांत हजर राहिलो, एवढे एकच वाक्य त्यात चार वर्षांच्या कामाबद्दल होते. मी त्याला समोर बसवून, त्या चार वर्षांत स्वतःच्या हाताने काय केले ते सांगायला लावले. एका खुनाच्या खटल्यात बावीस साक्षीदारांचे पोलिसांपुढील जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब आणि न्यायालयातील साक्ष यांचा तीन रकान्यांचा तक्ता त्याने बनवला होता आणि त्यातल्या सात विसंगती सीनियरने उलटतपासणीत वापरल्या होत्या. अमली पदार्थांच्या एका खटल्यात जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत नमुना कोणाकोणाच्या हातून गेला याची तारीखवार नोंद त्याने काढली होती आणि दोन दिवसांचा खुलासा मिळत नाही हे दाखवून दिले होते. तेच बायोडाट्यात लिहायला हवे होते. द हेगला येणाऱ्या माणसाकडून पहिल्या आठवड्यात जे काम अपेक्षित असते ते याहून फार वेगळे नसते: साक्षीदारांच्या निवेदनांचे तक्ते, पुराव्याचा प्रवास, तळटीपा आणि प्रतिलेखातील ओळ क्रमांक.

लिहिताना आपल्या कलमांचे आकडे वाचणाऱ्याच्या माथी मारू नयेत. कलम १८० खालील जबाब म्हटले की आपल्याला लगेच कळते, पण बाहेरच्या माणसाला पोलीस अधिकाऱ्याने तपासात नोंदवलेले, सहीविना असलेले निवेदन असेच सांगावे लागते. पंचनामा, मुद्देमाल, दोषारोपपत्र या प्रत्येक शब्दामागची क्रिया एका ओळीत समजावावी. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रावर, म्हणजे जुन्या ६५-ब वर, कुणी युक्तिवाद केला असेल तर त्याला बायोडाट्यात ठळक जागा द्यावी. २०१७ मध्ये लिबियातल्या एका कमांडरविरुद्ध आयसीसीने काढलेले अटक वॉरंट बऱ्याच अंशी समाजमाध्यमांवर फिरलेल्या चित्रफितींवर आधारलेले होते, आणि तेव्हापासून डिजिटल पुराव्याची सत्यता हा या क्षेत्रातला रोजचा प्रश्न झालेला आहे. खुल्या स्रोतांतल्या डिजिटल तपासासाठी २०२० मध्ये तयार झालेला बर्कली प्रोटोकॉल वाचलेला असावा.

इन्व्हेंटरीचे, म्हणजे वारसा-वाटणीचे दावे, कुळ-मुंडकार प्रकरणे किंवा जमिनीचे वाद यांचा अनुभव वगळू नये, पण त्याला एखादीच ओळ द्यावी. जुनी पोर्तुगीज कागदपत्रे वाचून त्यांचा अर्थ न्यायालयापुढे मांडला असेल तर तेवढे मात्र नमूद करावे, कारण दुसऱ्या भाषेतल्या दस्तऐवजावर काळजीपूर्वक काम करण्याची सवय तिथे रोज लागते.

निबंध, लेखननमुना आणि शिफारसपत्रे

अर्जासोबत प्रेरणापत्र, गुणपत्रके, शिफारसपत्रे आणि न्यायालयाच्या कामाशी संबंधित विषयावर एक छोटा निबंध मागितला जातो. शब्दमर्यादा, कागदपत्रांचा क्रम आणि अंतिम तारीख प्रत्येक जाहिरातीत दिलेली असते. त्या तारखेची वेळ द हेगची असते. आपल्यात आणि तिथल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो, हे मुलाखतीच्या वेळीही लक्षात ठेवावे लागते.

निबंधाचा विषय निवडताना जागतिक शांतता, न्यायाचे भवितव्य असल्या विस्तीर्ण मथळ्यांपासून दूर राहावे. आपल्या कामातून निघालेला एक अरुंद प्रश्न घ्यावा. उदाहरण देतो. काँगोमधल्या एका सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याच्यावरचा खटला हा आयसीसीचा पहिला पूर्ण झालेला खटला. पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करून लढाईत वापरल्याबद्दल त्याला १४ मार्च २०१२ रोजी दोषी ठरवले गेले आणि पुढे चौदा वर्षांची शिक्षा झाली. परंतु हा खटला सुरू होण्यापूर्वीच, जून २००८ मध्ये, न्यायाधीशांनी तो स्थगित केला होता, कारण गोपनीयतेच्या अटीवर मिळालेली आणि आरोपीच्या उपयोगी पडू शकणारी कागदपत्रे अभियोक्त्याने बचाव पक्षाला दाखवलेली नव्हती. आता आपल्याकडे या. दोषारोपपत्राबरोबर कोणती कागदपत्रे मिळतात आणि कोणती तपास अधिकाऱ्याच्या कपाटात राहतात, यावर आपण प्रत्येक खटल्यात झगडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे सांगितले की अभियोग पक्षाने ज्यांचा आधार घेतलेला नाही अशा जबाबांची आणि दस्तऐवजांचीही यादी आरोपीला मिळाली पाहिजे. हे दोन धागे शेजारी ठेवून साडेसातशे शब्द लिहिले तर तो निबंध दुसऱ्या कुणाचाही असू शकत नाही.

याच धाटणीचा आणखी एक विषय पूर्वी नोंदवलेल्या निवेदनाचा आहे. आपल्याकडे पोलिसांपुढील जबाब मुख्यतः साक्षीदाराला खोटे पाडण्यासाठीच वापरता येतो, तर आयसीसीच्या कार्यपद्धती व पुरावा नियमांतील नियम ६८ नुसार काही अटींवर आधीचे निवेदन पुरावा म्हणून दाखल होऊ शकते. हा फरक ज्याने न्यायालयात उभे राहून अनुभवला आहे, त्याच्या लेखणीत जोर आपोआप येतो.

शिफारसपत्र मोठ्या नावाच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने आपले काम पाहिले आहे त्याच्याकडून घ्यावे. सीनियरला कोऱ्या कागदावर लिहायला सांगू नये. आपण कोणत्या तीन खटल्यांत काय काम केले याचे टिपण त्यांच्या हाती द्यावे, म्हणजे पत्रात तपशील येतो. मे महिन्याच्या सुटीत हे सगळे उरकावे, कारण न्यायालये पुन्हा सुरू झाल्यावर कोणत्याही सीनियरला दोन परिच्छेद शांतपणे लिहायला सवड मिळत नाही.

वाचन आणि भाषा

रोम संविधी, गुन्ह्यांचे घटक आणि कार्यपद्धती व पुरावा नियम हे तीन दस्तऐवज मुळातून वाचावेत. न्यायालयाचे बहुतेक सार्वजनिक निर्णय लीगल टूल्स या विनाशुल्क संग्रहात मिळतात. तिथे शोधताना दस्तऐवजाचा क्रमांक वाचता आला पाहिजे. लुबांगा निकालाचा क्रमांक आयसीसी-०१/०४-०१/०६-२८४२ असा आहे. यातला पहिला जोड म्हणजे २००४ मधली पहिली परिस्थिती, म्हणजे काँगो. दुसरा जोड म्हणजे २००६ मधला पहिला खटला. आणि शेवटचा आकडा त्या खटल्यातल्या दस्तऐवजाचा अनुक्रम. एका खटल्यात निकालापर्यंत अडीच हजारांहून अधिक दस्तऐवज येतात हे या आकड्यावरूनच कळते. साक्षीदारांची नावे बहुधा दिसत नाहीत. अभियोग पक्षाच्या साक्षीदाराला पी आणि बचाव पक्षाच्या साक्षीदाराला डी हे अक्षर व पुढे आकडे दिलेले असतात.

पुराव्याच्या मोजमापाची शिडी पाठ असावी. अटक वॉरंटसाठी कलम ५८ खाली गुन्हा केल्याचे मानण्यास वाजवी कारण पुरते, दोषारोप निश्चित करण्यासाठी कलम ६१ खाली भक्कम कारण लागते, आणि दोषसिद्धीसाठी कलम ६६ खाली वाजवी संशयापलीकडची खात्री लागते. मुलाखतीत एखादी कल्पित परिस्थिती देऊन, ती या शिडीवर कुठे बसते असे विचारले जाऊ शकते.

न्यायालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच आहेत. इंग्रजीवर निभावते, पण काँगो, माली, मध्य आफ्रिका यांसारख्या प्रकरणांत मूळ कागद फ्रेंचमध्ये असतात आणि ज्याला ते वाचता येतात त्याचा अर्ज वर येतो. पणजीत आलियाँस फ्राँसेजमध्ये वर्ग चालतात आणि गोवा विद्यापीठातही फ्रेंच शिकवली जाते. घरात थोडीबहुत पोर्तुगीज असेल तर फ्रेंच वाचायला शिकणे बरेच सोपे जाते. बोलता येत नसले तरी चालेल, वाचता येते एवढे प्रामाणिकपणे लिहावे.

पैसा

हा भाग मी कुणालाही गोड करून सांगत नाही. या नेमणुका बहुतांशी विनावेतन असतात. विमानभाडे, व्हिसा, आरोग्यविमा, घरभाडे आणि जेवणखाण हे सगळे स्वतःच्या खिशातून करावे लागते, आणि द हेगमध्ये घरे महाग व मिळायला कठीण आहेत. त्यामुळे या क्षेत्रात ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांनाच शिरकाव मिळतो, अशी टीका अनेक वर्षे होत आलेली आहे आणि ती रास्त आहे. सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांची मुदत मागता येते का, ते जाहिरातीत पाहून विचारावे. तिथल्या खर्चाखेरीज इथल्या चेंबरचे भाडे, कारकुनाचा पगार आणि घरखर्च यांचीही तितक्याच महिन्यांची तरतूद हाती असल्याशिवाय होकार कळवू नये. कर्ज काढून जाण्याचा सल्ला मी देत नाही.

नेमणुकीच्या कोणत्याही टप्प्यावर आयसीसी किंवा संयुक्त राष्ट्रांची कोणतीही संस्था शुल्क मागत नाही. प्रक्रिया शुल्क, प्रशिक्षण शुल्क, अनामत असे काही मागणारे पत्र आले तर ते खोटे आहे, मग त्यावर कितीही सुबक बोधचिन्ह असो.

तीन महिन्यांहून अधिक मुक्कामासाठी व्हिसाची पद्धत पर्यटकाच्या व्हिसाहून वेगळी असते आणि न्यायालयाचे पत्र त्यात मुख्य कागद ठरते. ते पत्र हाती पडण्यापूर्वी तिकीट काढू नये. २०२५ मध्ये अमेरिकेने न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि काही न्यायाधीशांवर निर्बंध लादले, म्हणून ज्यांचे अमेरिकेत शिक्षण, नोकरी किंवा बँक खाते आहे त्यांनी त्या आदेशाचा आवाका समजून घेतल्यावरच होकार द्यावा.

निघण्यापूर्वी इथली घडी

माझ्या पाहण्यातला एक वकील परदेशी अभ्यासक्रमासाठी गेला आणि जाताना मित्राला तोंडी सांगून गेला की तारखा सांभाळ. मित्राचे वकीलपत्र नव्हते. एका अपिलात दोन तारखा हजेरीविना गेल्या आणि अपील गैरहजेरीत निकाली निघाले. पुढे ते परत दाखल करून घेण्यात अशिलाचे आठ महिने गेले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ नुसार एकदा दिलेले वकीलपत्र न्यायालयाच्या परवानगीने लेखी स्वरूपात संपवेपर्यंत, किंवा अशील वा वकील यांपैकी कुणाचा मृत्यू होईपर्यंत, किंवा प्रकरण संपेपर्यंत चालू राहते. आपण विमानात बसलो म्हणून जबाबदारी उतरत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी किमान तीन महिने आधी सगळ्या चालू प्रकरणांची वही काढून बसावे. प्रत्येक प्रकरणासमोर पुढची तारीख, टप्पा आणि आपण नसताना काय घडू शकते ते लिहावे. ज्या खटल्यात उलटतपासणी किंवा अंतिम युक्तिवाद त्या महिन्यांत येणार असेल तो अशिलाशी बोलून दुसऱ्याकडे सोपवावा. बाकीच्या प्रकरणांत सोबतच्या वकिलाचे नाव वकीलपत्रावर आणावे. आरोपी तुरुंगात असेल तर ही भेट त्याच्याशी स्वतः जाऊन करावी, नातेवाइकाकरवी निरोप पाठवून भागवू नये. फीचा आगाऊ घेतलेला भाग नव्या वकिलाला द्यायचा की परत करायचा, हेही त्याच बैठकीत ठरवावे.

भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियम ४९ नुसार वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही आणि अशी नोकरी घेतल्यास परिषदेला कळवून वकिली थांबवावी लागते. विनावेतन नेमणूक ही पगारी नोकरी नव्हे, तरी निर्वाहभत्ता किंवा शिष्यवृत्ती मिळणार असेल तर तिचे स्वरूप लिहून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे आधीच लेखी विचारणा करावी आणि आलेले उत्तर जपून ठेवावे. सरकारी वकिलांनी खात्याची परवानगी आणि रजा लेखी घेतल्याशिवाय अर्जही पाठवू नये.

तिथे गेल्यावर आणि परतताना

रुजू होताना गोपनीयतेचे प्रतिज्ञापत्र सही करून द्यावे लागते, आणि त्याचा अर्थ आपल्याकडच्या कोणत्याही औपचारिक सहीपेक्षा कडक आहे. एखाद्या साक्षीदाराचे नाव किंवा गाव नकळत बाहेर पडले तर त्याच्या घरावर हल्ला होऊ शकतो. साक्षीदारांवर दबाव आणणे, खोटा पुरावा देणे अशा कृत्यांना संविधीच्या कलम ७० खाली शिक्षा आहे, आणि २०१६ मध्ये काँगोचे माजी उपाध्यक्ष बेंबा यांच्या प्रकरणात बचाव पक्षाच्या मुख्य वकिलालाही या कलमाखाली दोषी ठरवण्यात आले. कार्यालयातले छायाचित्र किंवा कामाबद्दलची दोन ओळींची टिप्पणी घरच्या गटावरही टाकू नये. घरच्यांनी विचारले तर वाळूच्या टेकड्यांलगतची इमारत, ट्राम, शेवेनिंगेनचा किनारा आणि तिथला वारा यांबद्दल सांगावे.

कामात सुरुवातीचे पंधरा दिवस विचारण्यात संकोच करू नये. आपल्याकडे सीनियरला उलट प्रश्न विचारणे काहींना उद्धटपणा वाटतो, पण तिथे मसुद्यातली शंका वेळेवर न विचारणे हाच दोष मानला जातो. प्रत्येक विधानाला तळटीप लागते, आणि ती तपासणारा माणूस प्रतिलेखातली ओळ उघडून पाहतो. निघण्याच्या महिनाभर आधी वरिष्ठांकडे कामाचे लेखी मूल्यमापन मागावे, आणि गोपनीयता न मोडता कामाचे वर्णन कोणत्या शब्दांत करता येईल ते त्यांच्याकडूनच मंजूर करून घ्यावे. तेच शब्द पुढे बायोडाट्यात वापरावेत.

परतल्यावर ज्यांना या क्षेत्राशी नाते ठेवायचे आहे त्यांच्यासाठी आयसीसीच्या वकिलांच्या यादीची वाट उघडी आहे. स्वतंत्र वकील म्हणून नोंद होण्यासाठी फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, वकिलाचा साहाय्यक म्हणून पाच वर्षांचा, किंवा आंतरराष्ट्रीय वा फौजदारी कायद्यातले विशेष प्रावीण्य. भारत सदस्य नसल्यामुळे या यादीत नाव येण्याला अडसर नाही. त्या अर्जातही पूर्ण झालेल्या खटल्यांचा तपशील मागितला जातो, म्हणून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात वही पुन्हा उघडावी, सोपवलेली वकीलपत्रे अशिलाच्या इच्छेनुसार परत घ्यावीत, बार कौन्सिलला काही कळवले असेल तर परतल्याचे लेखी कळवावे, आणि चालवलेल्या प्रत्येक खटल्याची नोंद त्या दिवसापासून तारीखवार ठेवावी.